कच्चं मांस सुरू केल्यावर लहान कुत्र्याचं पोट पुन्हा पुन्हा बिघडतंय? आधी घरचं कॅलेंडर बघा

पॉमेरेनियन, स्पिट्झ, शित्झू, पग, डॅशहाउंड. वजन तीन ते आठ किलो. कुणीतरी सुचवलं म्हणून पाकिटातलं कोरडं खाणं बंद केलं आणि कच्चं चिकन सुरू केलं. पहिले चार दिवस कुत्रा खूश. मग जुलाब. पेजेवर आणला की बरा होतो, पुन्हा कच्चं घातलं की आठवड्याभरात पुन्हा तेच. गोव्यात फोंडा, डिचोली, म्हापसा, घर कुठलंही असो, तक्रार थोड्याफार फरकाने हीच असते. निदानही ठरलेलं असतं. एक पक्ष म्हणतो, "ह्याला कच्चं मानवत नाही." दुसरा म्हणतो, "शरीरातली घाण बाहेर पडतेय, होईल सवय." पहिला पक्ष घाई करतो. दुसरा धोक्याचा आहे, कारण जुलाबातून घाणबिण काही बाहेर पडत नसते, पडतं ते पाणी आणि क्षार. तीन किलोच्या कुत्र्याच्या अंगातलं 150 मिली पाणी गेलं तर त्याच्या वजनाचा वीसावा भाग गेला. 150 मिली म्हणजे चहाचा एक कप. लॅब्राडॉरला जे जुलाब दोन दिवस सोसतात, ते ह्यांना एका रात्रीत आडवं करू शकतात.

म्हणून पुढचं वाचण्याआधी कुत्र्याकडे बघा. शी जॅमसारखी लालभडक आहे का? काही तासांत तीनचार वेळा ओकलाय का, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही का? हिरड्या पांढुरक्या किंवा बोटाला चिकट लागतात का? पुढचे कोपर जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून उभा राहतोय का? पोट फुगलंय, कुंथतोय पण काहीच येत नाही? पिल्लू आहे आणि मलूल पडून थरथरतंय? ह्यातलं एक जरी असेल तर हा लेख बंद करून डॉक्टरांकडे निघा. लालभडक जुलाबाचा अचानक झटका लहान जातींत जास्त दिसतो आणि त्यावर सलाइनच लागतं. आणि जाईपर्यंत घरातली माणसांची औषधं घालू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल ही कुत्र्याला विषासारखी आहेत. जुलाब थांबवायच्या गोळ्याही आपल्या मनाने नकोत.

हे काही नसेल, कुत्रा खेळतोय, खातोय, फक्त अधूनमधून पोट बिघडतंय, तर पुढचं तुमच्यासाठी.

कुठल्या वारी बिघडतं?

मला कुणी विचारलं की मी आधी हाच प्रश्न करते, आणि लोक चक्रावतात. आमच्या ओळखीच्या एका काकींचा पॉमेरेनियन आठवड्याच्या मधोमध हमखास बिघडायचा. चिकनचं दुकान बदललं, जंताचं औषध झालं, फरक शून्य.

"काकी, सोमवारी काय घालता त्याला?"

"सोमवारी शिवराक गो, मांसमच्छी नाही. दहीभात. नाहीतर वरणाचं निवळ आणि भात."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी भरपूर चिकन. आदल्या दिवशी बिचाऱ्याला काही मिळालेलं नसतं ना!"

उत्तर तिथेच होतं. रविवारी कच्चं मांस, सोमवारी दहीभात, मंगळवारी दीडपट मांस, गुरुवारी पुन्हा भात. कुत्र्याच्या आतड्यातले जिवाणू जे खाणं येतं त्याप्रमाणे कमीजास्त होत असतात, पाचक रसांचं प्रमाणही आहारानुसार जुळतं. पण ह्याला काही दिवस लागतात. इथे दर दोन दिवसांनी आहार उलटापालटा होत होता. म्हणजे ते कुत्रं कच्च्या आहारावर कधी आलेलंच नव्हतं, ते कायम वाटेवरच होतं. दर आठवड्याला नव्याने बदल आणि दर आठवड्याला नव्याने जुलाब.

गोव्यातल्या हिंदू घरांत हे फार होतं. सोमवार, कुणाचा गुरुवार, एकादशी, संकष्टी, आणि मग अख्खा श्रावण. फ्रिजमध्ये मांस ठेवायचं नाही, ओट्यावर आणायचं नाही. ह्यात कुणाची चूक नाही, फक्त कुत्र्याच्या ताटाची आखणी त्याप्रमाणे करावी लागते. सोपा मार्ग असा, की जुनं कोरडं खाणं पूर्ण बंद करायचंच नाही. रोजच्या ताटात त्याचा साधारण पाव वाटा राहू द्यायचा. मग शिवराकाच्या दिवशी तेच खाणं पूर्ण घातलं तरी पोटाला ते ओळखीचं असतं. कोरडं आणि कच्चं एकत्र घालू नये, दोन्हींना पचायला वेगवेगळा वेळ लागतो, असं बरेच जण ठासून सांगतात. त्याला भक्कम आधार नाही. आणि दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून जास्त मांस घालणं बंद. उपास तुमचा होता, त्याचा नव्हता.

श्रावणाचा विचार तर सुरुवात करतानाच करा. माझ्या मते गोव्यात कच्चा आहार सुरू करायला सगळ्यांत वाईट काळ म्हणजे जून ते ऑगस्ट. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे चिकनच्या दुकानांवर गर्दी. पावसात लाईटचा खेळखंडोबा. गोचिडी आणि जंतांना हवी तशी दमट हवा. आणि जेमतेम घडी बसते तोच श्रावण लागतो. चवथ (गणेश चतुर्थी) होऊन जाऊ द्या, घर पुन्हा रोजच्या जेवणावर येऊ द्या, मग सुरू करा.

कॅलेंडरमध्ये रविवारही बघा. रविवारची शागुती (चिकन-मटणाचा मसालेदार रस्सा) झाली की टेबलाखाली मुलं हाडं टाकतात. शिजलेलं हाड अणकुचीदार फुटतं, ते कधीच नको, आणि त्यावर चिकटलेल्या मसाल्यात कांदा-लसूण असतो, जो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. चवथीच्या नेवऱ्यांत (करंज्यांत) बेदाणे असतात, ते मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. सोमवारी जुलाब झाले की दोष शनिवारच्या कच्च्या चिकनला मिळतो, आणि रविवारचं कुणाला आठवत नाही.

शी काय सांगते

हे लिहायला जरा बरं वाटत नाही, पण इथेच अर्धं निदान आहे. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, डॉक्टरांनाही उपयोगी पडतो.

पांढरट, खडूसारखी, हाताने कुस्करली तर भुकटी होईल अशी शी आणि कुंथणं, म्हणजे हाड जास्त झालं. काळपट आणि सैल, पण कुत्रा ताजातवाना, म्हणजे बहुधा कलेजी जास्त झाली. मात्र डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची असेल तर ते पचलेलं रक्त असू शकतं, त्यात अंदाज बांधू नका. पिवळट, तेलकट, चकाकणारी शी म्हणजे चरबी. चिकनची कातडी, मटणाच्या खिम्यात मुरलेली चरबी, आणि आपल्याकडे खास म्हणजे खोबरेल. केस चमकतात म्हणून चमचाभर खोबरेल रोज घालणारी घरं मला ठाऊक आहेत. चार किलोच्या जीवाला एक मोठा चमचा म्हणजे शंभरावर किलोकॅलरी नुसत्या तेलातून. त्यातून जुलाब तर होतातच, पण लहान कुत्र्यांत चरबीच्या जेवणानंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. वर जी कोपर टेकून उभं राहण्याची गोष्ट लिहिली, ती त्याच दुखण्याची खूण असते.

आव पडत असेल, थोडी थोडी शी पुन्हा पुन्हा होत असेल, तर मोठं आतडं चिडलंय. एकदोन वेळा अशी झाली तर बदलाच्या काळात चालून जातं. आठवडे चालू असेल तर जियार्डियाची (आतड्यातल्या एका सूक्ष्म परजीवीची) तपासणी करून घ्या.

पहाटे पिवळा फेस ओकणं हा वेगळा प्रकार. रात्री आठला जेवलेलं लहान कुत्रं सकाळी नवापर्यंत रिकाम्या पोटी राहिलं की पित्त वर येतं. निजण्याआधी दोन घास ठेवून बघा. पण ह्यामागे आणखी एक कारण असतं, आणि ते फार कमी जणांच्या लक्षात येतं.

वजनाच्या 3 टक्क्यांचा हिशेब

"वजनाच्या 2 ते 3 टक्के मांस घाला" हा नियम सगळीकडे मिळतो. मोठ्या कुत्र्यांना तो बरा लागू पडतो. लहान कुत्र्याला किलोमागे जास्त ऊर्जा लागते. चार किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाच दिवसाला 200च्या आसपास किलोकॅलरी लागतात. 3 टक्क्यांनी त्याला मिळतं 120 ग्रॅम मांस, आणि कातडी काढलेल्या चिकनच्या छातीच्या मांसात 100 ग्रॅमला साधारण 115 ते 120 किलोकॅलरी असतात. म्हणजे 140 आले. कुत्रं उपाशी. मग ते सकाळी पित्त ओकतं, वजन उतरतं, आणि बाहेर सोडलं की कचऱ्याच्या पिशवीत तोंड घालतं. जुलाब त्या पिशवीचे असतात. कमी चरबीच्या मांसावर असलेल्या लहान कुत्र्याला 4 ते 5 टक्क्यांपासून सुरू करावं, सोबत थोडा भात किंवा जुनं खाणं राहू द्यावं, आणि दर आठवड्याला वजन करून कमीजास्त करावं. घरच्या काट्यावर आधी आपण एकटं उभं राहायचं, मग त्याला कडेवर घेऊन.

दुसरी गंमत छोट्या मापांची. ठरलेलं प्रमाण असं सांगतात: 80 टक्के मांस, 10 टक्के हाड, 10 टक्के अवयव, त्यातली निम्मी कलेजी. दिवसाच्या 160 ग्रॅमांत कलेजी झाली 8 ग्रॅम. आता बाजारातून आणलेली कोंबडीची एक अख्खी कलेजी काट्यावर ठेवा, 30 ते 40 ग्रॅम भरेल. "एवढीशी तर आहे" म्हणून ती एका वेळी घातली की चारपाच दिवसांची कलेजी एका घासात गेली. हाडाचंही तेच. कोंबडीच्या पंखात जवळजवळ निम्मं हाड असतं. 80 ग्रॅमच्या पंखातून 40 ग्रॅम हाड पोटात गेलं, हवं होतं 16. एक दिवस खडूसारखी शी, दुसऱ्या दिवशी कलेजीची पातळ शी, आणि मालक म्हणतो ह्याच्या पोटाचं काही कळतच नाही. ग्रॅम दाखवणारा वजनकाटा चारपाचशे रुपयांत मिळतो. तो नसेल तर लहान कुत्र्याला कच्च्या आहारावर घालूच नये, इतकं माझं मत ठाम आहे.

शिवाय हे 80-10-10 म्हणजे परिपूर्ण आहार नव्हे. आयोडीन, जस्त, मँगनीज, ड आणि ई जीवनसत्त्व ह्यांत तूट राहते. महिनोन् महिने घालायचं असेल तर डॉक्टरांकडून आखणी करून घ्या.

बाजार, फ्रिज आणि लाईट

बिघाडाला वाराचा मेळ लागत नसेल, तर लाईट कधी गेली होती ते आठवा. गोव्यात बरंचसं चिकन बेळगावच्या बाजूने घाट उतरून येतं, दुकानात कापलं जातं, मग तुमच्या पिशवीत, मग स्कूटरच्या डिकीत. इथपर्यंतच दोनतीन तास जातात. 5 ते 60 अंश सेल्सिअस ह्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि आपली हवा बारा महिने ह्याच पट्ट्यातली. शक्यतो सकाळी, डोळ्यांसमोर कापून घ्या. आयता केलेला खिमा घेऊ नका, खिम्यात वरचे जिवाणू आतपर्यंत मिसळतात. घरी आल्या आल्या एकेका वेळच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये.

फ्रीझरसाठी एक युक्ती. वाटीत पाणी गोठवा, त्यावर रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी तशीच फ्रीझरमध्ये राहू द्या. तुम्ही कामावर असताना लाईट पाच तास गेली आणि परत आली, तर मांस पुन्हा दगडासारखं झालेलं असतं, बघून काही कळत नाही. पण नाणं बर्फात बुडालेलं दिसेल. तसं असेल तर ते मांस कच्चं घालू नका. इन्व्हर्टरवर पंखे चालतात, फ्रिज बहुतेक घरांत चालत नाही.

पुडी वितळवायची ती फ्रिजच्या खालच्या खणात, रात्रभर, ताटलीत. ओट्यावर नाही. आणि कुत्र्याने अर्ध्या तासात संपवलं नाही तर वाटी उचलायची.

फ्रीझरमध्ये सगळं मरतं हा समज काढून टाका. बरेचसे परजीवी मरतात, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू आणि त्याचे भाऊबंद नुसते झोपी जातात. अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेने 2012 मध्ये कच्च्या प्राणिजन्य आहाराविरुद्ध सल्ला दिला तो ह्याचमुळे, आणि लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची जागतिक संघटनाही तेच सांगते. धोका फक्त कुत्र्याला नाही. धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्या शीतून साल्मोनेला पडत राहू शकतो, आणि तेच कुत्रं आजीच्या मांडीवर चढून तिचे हात चाटत असतं. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, वृद्ध किंवा केमोथेरपी चालू असलेलं माणूस असेल तर कच्चं नकोच. डुकराचं मांस तर कुणीच कच्चं घालू नये.

मासे? तारले आणि मांदेली ह्यांत थायमिनेज असतं, ते ब1 जीवनसत्त्व नष्ट करतं. शिजवलं की थायमिनेज जातं. म्हणून मासे उकडून, काटा काढून. पण बांगडा किंवा तारला उन्हात पडून राहिला असेल तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते उकडूनही जात नाही. दुपारी उरलेला स्वस्तातला वाटा "कुत्र्यापुरता" घेऊ नका.

खाण्याचा दोष नसेल तेव्हा

गोचिडीतून येणारा ताप (एर्लिकिया, बबेसिया) आपल्याकडे भरपूर. कुत्रं खाणं सोडतं, ओकतं, अंग तापतं, बबेसियात लघवी गडद होते. मालक म्हणतो कच्चं बाधलं. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून बघा. आकडेजंत ओल्या मातीतून आणि वाळूतून येतो, हिरड्या फिक्या पडतात. पावसात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, त्यात डोळे पिवळे होऊ शकतात. पिल्लाला लसी पूर्ण नसतील तर संशय आधी पार्व्होचा (पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य जुलाबाचा), आहाराचा नंतर. लसीकरण आणि जंतनाशक पूर्ण झाल्याशिवाय पिल्लाचा आहार बदलायला घेऊच नये.

पुन्हा सुरू करायचं तर

आधी पोट शांत होऊ द्या. उकड्या तांदळाची मऊ पेज, मीठ आणि खोबरं न घालता, त्यात उकडलेलं बिनहाडाचं चिकन कुस्करून, दिवसातून चारपाच वेळा थोडं थोडं. वाटल्यास चमचाभर उकडलेला तांबडा भोपळा. दिवसभर उपाशी ठेवण्याचा जुना सल्ला लहान कुत्र्याला लावू नका. त्याच्या अंगात साखरेचा साठा थोडा, पिल्लात तर त्याहून थोडा, साखर उतरून ते कोसळू शकतं.

शी सलग तीनचार दिवस घट्ट आली की मग एकच कच्चं मांस, कातडी काढलेलं चिकन, ताटाच्या पाव वाट्याने. पाच दिवस तेवढंच. ठीक असेल तर निम्मं. घाई नको, नाजूक पोटाला तीन आठवडे लागले तरी चालतील. हाड आणि कलेजी शेवटी, आणि एका आठवड्यात दोन्ही नवीन नकोत, नाहीतर कशाने बिघडलं ते कळायचं नाही. ह्या काळात बिस्किटं, च्युस्टिक, शेजाऱ्यांचा पाव सगळं बंद.

आणि दोनदा नीट प्रयत्न करूनही बिघडत असेल तर मांस शिजवा. मी तर म्हणते आधीच शिजवा. आतपर्यंत 74 अंशांना पोचलेल्या चिकनमध्ये साल्मोनेला राहत नाही, प्रथिनं जात नाहीत, आणि कुत्रं ते तितक्याच आवडीने खातं. फक्त शिजवताना हाड काढायचं, म्हणजे कॅल्शियम वेगळं द्यावं लागतं, अंड्याच्या टरफलाची वस्त्रगाळ पूड चालते, किती ते वजनावरून डॉक्टर सांगतील.

डॉक्टरांकडे जाताना कच्चं घालतो हे लपवू नका. ओरडा बसेल, बसू द्या. ते कळलं तरच हाड अडकल्याची आणि साल्मोनेलाची शक्यता ते धरतील. दोन आठवड्यांची वही न्या: तारीख, वार, काय घातलं किती ग्रॅम, शी कशी, लाईट गेली होती का. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर पणजीजवळ टोंक आणि मडगावजवळ सोनसडो इथे सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयं आहेत. शीचा नमुना त्याच दिवशीचा, झाकणाच्या स्वच्छ डबीत न्या, कागदात गुंडाळला तर सुकतो. जियार्डियाचा संशय असेल तर एका नमुन्यात तो सापडेलच असं नाही, वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागतील, तेव्हा डब्या तीन घेऊन ठेवा.